शेताची कड आणि समुद्राची कड

शास्त्रपाठ : यहेज्केल ४७:१-१२, लेवीय १९:९-१०



यहेज्केल संदेष्टा बाबेलच्या बंदिवासात असता त्याला जे दर्शन झाले, त्यातील नदीचा वृत्तांत आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ वेळा वाचला जातो. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा लहानसा झरा निघतो. ते पाणी प्रथम घोट्याइतके, मग गुडघ्याइतके, मग कमरेइतके, आणि शेवटी मनुष्याला पायी उतरून जाता येऊ नये इतके खोल होते. ती नदी वाहत वाहत मृत समुद्रास मिळते; आणि ज्या पाण्यात मासा म्हणून जगत नव्हता, त्यात नाना जातींचे मासे होतात. एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंतचा किनारा कोळ्यांच्या जाळ्यांनी भरून जातो. दोन्ही तीरांवर झाडे उभी राहतात. त्यांची फळे अन्नासाठी व पाने औषधासाठी होतात.

हे वाचून आपले अंतःकरण हर्षित होते. परंतु अकराव्या वचनाशी आपण बहुधा थांबत नाही. सर्व पाणी गोडे झाले, तरी काठची दलदल व पाणथळ मात्र खारीच राहते, ती मिठासाठी राखलेली आहे, असे तेथे सांगितले आहे. कित्येक टीकाकार हे शापाचे चिन्ह समजतात. ज्यांनी जीवनाचे पाणी नाकारले ते असेच नापीक राहतील, असा बोध त्यावरून केला जातो. तो बोध आपल्या जागी असो. परंतु ह्याच पुस्तकाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात याजकाने अर्पणावर मीठ टाकावे अशी आज्ञा आहे, आणि लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात प्रत्येक अन्नार्पणाला मीठ लावण्याविषयी सांगितले आहे. मीठ नसेल तर वेदीची सेवा चालत नाही, व गरिबाची भाकरही गोड लागत नाही. ह्यावरून आम्हांस असे वाटते की, देवाने ती दलदल टाकून दिली नाही. तिचे काम निराळे आहे म्हणून ती जशी आहे तशी ठेविली. सर्व काही बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, त्याने एक तुकडा बदलला नाही, ह्यात त्याचे शहाणपण आहे.

आता आपल्या कोकणाकडे पाहू. भरतीच्या पाण्याखाली जाणारी व ओहोटीस उघडी पडणारी खाडीकाठची जी चिखलट जमीन, तिला आपण खाजण म्हणतो. तीत ना भात पिकते, ना घर उभे राहते. पाय ठेविला तर गुडघ्यापर्यंत रुततो. आणि ओहोटीस तिचा वास येतो. म्हणून शहाणी म्हणविणारी माणसे तिला पडीक म्हणतात. ज्याला जे काही टाकावयाचे असते ते तो तेथे टाकतो. परंतु ह्या पडीक जागेत देवाचे काय काम चालले आहे, हे ध्यान देऊन पाहणे आपणांस अगत्याचे आहे.

दिवसातून दोन वेळा समुद्र तेथे येतो व दोन वेळा परत जातो. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या उधाणात तो दूरवर चढतो, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत थोडक्यात परततो. त्या खाऱ्या चिखलात तिवर, चिपी, कांदळ इत्यादी झाडे उभी आहेत; ह्यांच्या रानास कांदळवन म्हणतात. चिखलाच्या आत हवा नाही, म्हणून तिवराची मुळे खुंट्यांप्रमाणे जमिनीच्या वर येऊन श्वास घेतात. मुळांतून शोषलेले मीठ तिवर आपल्या पानांवाटे बाहेर टाकितो, व ते मीठ पानांवर बारीक कणांच्या रूपाने दिसते. कांदळाचे बीज तर झाडावर असतानाच अंकुरते, आणि चांगले लांब वाढल्यावर खाली पडून चिखलात रुजते. कारण उघडे बीज पडले असते तर भरतीने ते वाहून नेले असते. ज्या आईचे अंगण रोज पाण्याखाली जाते, तिने लेकरास अंगावर वाढवूनच खाली सोडावे, अशी ही योजना आहे.

ह्या झाडांची पाने गळून चिखलात कुजतात. त्या कुजलेल्या पानांवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांवर किडे, खेकडे व लहान मासे पोसतात. आणि त्यांवर मोठे मासे व पक्षी. कोळंबीची अंडी खोल समुद्रात घातली जातात. परंतु तिची इवलीशी पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, मुळांच्या जाळीत मोठ्या माशांपासून लपून काही महिने वाढतात, आणि मोठी होऊन पुन्हा समुद्रास जातात. जिताडा व बोय ह्यांची पिल्लेही अशीच खाडीच्या आश्रयाने वाढतात. उलट, चिखलात राहणारी चिंबोरी अंडी सोडण्यास समुद्राकडे जाते, आणि तिची पिल्ले परत येतात. ह्याचा अर्थ असा की, दूर समुद्रात ज्या कोळ्याच्या जाळ्यात कोळंबी येते, तिचे पाळणाघर आपल्या गावाच्या खाजणात आहे. पाळणाघर भरावाखाली गेले, तर काही वर्षांनी समुद्रातील जाळे रिकामे येते; आणि मासे का आटले, हे मग कोणास उमगत नाही.

शास्त्रातील अगदी पहिला आशीर्वाद कोणास मिळाला, हे आपण कधी मनात आणिले आहे काय? तो मनुष्यास मिळालेला नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे बाविसावे वचन काढून पाहा. मनुष्य निर्माण होण्याच्या अगोदर, पाचव्या दिवशी, जलचरांस व पक्ष्यांस फलद्रूप व्हा, पाणी भरून टाका, असा आशीर्वाद देवाने दिला. मनुष्याचा आशीर्वाद त्यानंतरचा आहे. जो मागाहून आला, त्याने अगोदरच्याचा आशीर्वाद हिरावून घ्यावा, हे त्यास शोभत नाही.

आता आपल्या दुसऱ्या पाठाकडे वळू. मोशेच्या नियमशास्त्रात देव आपल्या लोकांस सांगतो की, पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत झाडून कापू नये, गळालेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळा दुसऱ्यांदा झडू नये. हे सर्व गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावे. ह्याच नियमाने मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली, आणि त्याच घराण्यात पुढे दावीद राजा व देहाप्रमाणे आपला प्रभू जन्मास आला. शेताची ती कड राखली नसती तर रूथ व नामी उपाशी राहिल्या असत्या.

खाजण ही समुद्राच्या शेताची कड आहे. ज्याच्यापाशी होडी नाही, जाळे नाही, सातबाऱ्यावर एक गुंठाही नाही, अशी विधवा ओहोटीच्या वेळी टोपली व कोयता घेऊन तेथे उतरते. तिसऱ्या वेचते, खडकावरची कालवे फोडते, बिळातली चिंबोरी काढते, निवट्या धरते. त्यात तिचे त्या दिवसाचे कालवण होते, आणि उरलेले विकून मिठामिरचीचे पैसे होतात. तिला कोणी चिठ्ठी दिलेली नाही, कोणी मजुरीवर ठेविलेले नाही. ती देवाच्या शेतात सरवा वेचणारी रूथ आहे. त्या जागेवर भराव पडतो, तेव्हा कागदोपत्री कोणाचेच काही गेलेले नसते. परंतु तिची चूल विझते. बंधुजनहो, हा विषय केवळ झाडांचा व माशांचा असता, तरीही तो आपणांस विचार करण्याजोगा होता. परंतु हा भाकरीचा व न्यायाचाही विषय आहे.

ह्याविरुद्ध जी पापे घडतात, त्यांपैकी तीन आम्ही सांगतो.

पहिले पाप भरावाचे. यशया संदेष्टा पाचव्या अध्यायात अशांविषयी हाय हाय म्हणतो की जे घराला घर व शेताला शेत जोडीत जातात, येथवर की इतरांस जागाच उरत नाही. रात्री मातीच्या व राडारोड्याच्या गाड्या येतात, बांध घालून भरतीचे पाणी अडविले जाते, पाण्यावाचून झाडे वाळतात. मग येथे कांदळवन नव्हतेच असे सांगितले जाते. ह्या व्यवहारात आपल्या मंडळीतील कोणी गाडीवाला, दलाल किंवा साक्षीदार म्हणून सही करणारा नसावा. अहाबाने नाबोथाचा मळा घेतला तेव्हा खोटी साक्ष देणारे दोन जण गावचेच होते, हे विसरू नये.

दुसरे पाप तोडण्याचे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, शत्रूच्या नगरास वेढा पडला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये अशी आज्ञा आहे. युद्धात जे वर्ज्य, ते शांततेच्या काळी सरपणासाठी कसे योग्य होईल? येथे कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, ज्याच्या घरी सरपण नाही त्याने काय करावे?” हा प्रश्न खरा आहे, व त्याचा राग मानू नये. गरीब मनुष्य एक मोळी तोडतो आणि धनवान एक मैल भरून काढतो. दोघांस एकाच तराजूत तोलणे अन्याय आहे. गरिबाला दोष देण्याअगोदर त्याच्या चुलीची सोय मंडळीने पाहावी. तथापि एवढे खरे की, एकेक मोळी करीत गावचे सर्व कांदळवन गेले, तर प्रथम मरेल ती गरिबाचीच खाडी.

तिसरे पाप बारीक आसाच्या जाळ्याचे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्यातील पक्षीण व पिल्ले एकदम घेऊ नयेत असे सांगितले आहे. आणि त्या लहानशा आज्ञेस देवाने दीर्घायुष्याचे वचन जोडले आहे. खाडीच्या तोंडाशी बारीक जाळे लावून बोटभर पिल्ले ओढून काढणे, हे घरटे पिल्लांसह लुटणे होय. आपले कोळी बांधव पूर्वापार पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात लोटीत. आज केंद्र सरकारच्या नियमाने पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासा धरण्यास मनाई केली. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी शेतास विसावा देण्याची जी आज्ञा आहे, तिचेच हे समुद्रावरील रूप समजावे. समुद्रालाही शब्बाथ हवा.

ह्या कडेच्या जागेने मनुष्याचे रक्षणही होते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले व हजारो माणसे मेली. पुढे विद्वानांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तेथे मृत्यू कमी झाले. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठची कांदळवने व पाणथळ जागा भरून टाकल्यामुळे पाण्यास पसरावयाला जागा राहिली नव्हती. अनर्थ वाढण्याचे ते एक कारण झाले. पाण्याची जागा मनुष्याने घेतली, आणि पाणी मनुष्याच्या घरात शिरले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांची तोड व त्यांवरील भराव थांबविण्याचा हुकूम केला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन तो कायम केला. जमीन सरकारी असो वा खासगी, हा हुकूम तिला लागू आहे. २०१२ साली शासनाने कांदळवनांसाठी वनखात्यात स्वतंत्र कक्ष स्थापिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रात १८६ चौरस किलोमीटर कांदळवन दाखविले होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ दाखविले आहे. मोजण्याची रीत सुधारली हाही त्यात भाग असेल. तरी राखले तर वाढते, ही आशा धरण्यास आधार आहे.

येथे रायगडच्या खारपट्ट्यातील शेतकरी बंधूंचे गाऱ्हाणे सांगणे न्यायाचे होईल. बापजाद्यांनी बांध घालून समुद्रापासून राखलेल्या भातशेतीत, बांध फुटल्यावर खारे पाणी शिरते व तिवरे उगवतात. मग कायद्याने ती तोडताही येत नाहीत, आणि शेत जाते. हे दुःख खोटे नाही. ह्यावर उपाय कायदा मोडणे हा नसून बांध वेळेवर दुरुस्त करणे हा आहे; आणि सरकारने ते काम टाळले तर ग्रामसभेत उभे राहून ते मागणे, हेही ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे. ज्याचे शेत जाते त्याच्या खर्चाने इतरांनी सृष्टीचे गोडवे गावेत, हे प्रीतीला धरून नाही.

पोटाची सोय व राखण ही दोन्ही एकत्र होऊ शकतात. २०१७ पासून शासनाच्या योजनेने किनाऱ्यावरील बचत गटांस खेकडे, कालवे व मासे ह्यांची जोपासना करण्यास साह्य मिळू लागले. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले येथे मांडवी खाडीत कोळी स्त्रियांच्या एका गटाने होडीतून कांदळवन दाखविण्याचा उद्योग चालू केला. ज्या चिखलाची लाज वाटे, त्याच चिखलाने त्यांस मान मिळवून दिला.

आमचे घाटावरील वाचक म्हणतील, “आमच्याकडे ना खाडी, ना भरती, हा उपदेश आम्हांस कशाला?” बंधुजनहो, आठवड्याच्या बाजारात जो सुका जवळा व जे सुके बोंबील तुम्ही घेता, आणि ज्यावर मजुराच्या घरी चार दिवस भाकरी खाल्ली जाते, ते त्या किनाऱ्याचेच दान आहे. आणखी असे पाहा : त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी कोपरगाव, पैठण, नांदेड ह्या गावांवरून वाहत जाऊन आंध्र देशात समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी काकिनाड्याजवळ कोरिंगा नावाचे मोठे कांदळवन आहे. १९७८ साली ते अभयारण्य म्हणून राखले गेले. ते ज्या गाळावर उभे आहे, त्यात तुमच्या शेतांची माती आहे. यहेज्केलाची नदी मंदिरापासून निघून समुद्रापर्यंत जीवन नेते. आपल्या गावच्या ओढ्यातून आपण काय पाठवितो? कारखान्याचे विषारी पाणी, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, प्लास्टिकच्या पिशव्या. हे सर्व तेथे कोणा कोळ्याच्या लेकरांच्या ताटाशी जाऊन पोहोचते. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याचा शेजारी खालच्या अंगाला असतो, मग तो त्यास कधी दिसो वा न दिसो.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी लोक धान्य व भाजीपाला आणितात. किनाऱ्यावरील मंडळ्यांनी त्या वेळी खाडीच्या दानाबद्दलही उपकार मानावेत. शब्बाथशाळेतील मुलांस एखाद्या ओहोटीला खाजणाच्या काठी नेऊन तिवराची मुळे, कांदळाचे लोंबते बीज व निवट्यांच्या उड्या दाखवाव्यात, आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय तेथेच वाचावा. मंडळीच्या मालकीची जमीन खाडीलगत असेल, तर भावाच्या लोभाने ती भरावासाठी देऊ नये. आणि कोठे भराव पडत असेल, तर एकट्याने भांडण काढू नये. गावच्या लोकांस, ते कोणत्याही धर्माचे असोत, बरोबर घेऊन तहसीलदाराकडे व वनखात्याकडे लेखी अर्ज द्यावा.

शेवटी एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील असे होते की, ज्यांस गावाने वेशीबाहेर ठेविले, ज्यांच्या वस्तीस पडीक जागा दिली, आणि ज्यांपासून काही चांगले निघेल असे कोणास वाटले नाही. नासरेथाविषयीही लोक असेच बोलले होते. परंतु प्रभूने त्या नासरेथात आपली तीस वर्षे काढिली, गालीलाच्या काठी जाळी धुणाऱ्यांस शिष्य केले, आणि पुनरुत्थानानंतर त्याच काठी निखाऱ्यांवर मासे भाजून त्यांस जेवू घातले. जगाने टाकलेल्यात देव काय ठेवितो, हे आपल्याहून अधिक कोणास कळावे? म्हणून ज्यांस प्रभूने पडीक म्हटले नाही, त्यांनी त्याच्या कोणत्याही कृतीस पडीक म्हणू नये.

हे प्रभो, समुद्र तुझा आहे, कारण तो तू केला. आणि त्याची कडही तुझीच आहे. तिच्यावर लोभाने पडणारा हात आवर. ओहोटीत उतरणाऱ्या गरिबाची टोपली रिकामी राहू देऊ नकोस. बांध फुटलेल्या शेतकऱ्यास साह्य कर. आणि जे तू राखून ठेविले आहेस ते आमच्या लेकरांच्या लेकरांसाठी राखण्यास आम्हांस शहाणपण व धैर्य दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.